फिरत्या पात्यांतली हवा : प्रस्तावना

एक विधान सुरुवातीलाच मांडतो. घर्षण नाही, उष्णतेची देवाणघेवाण नाही आणि प्रवाहातल्या कोणत्याही जागी दाब वेळेनुसार बदलत नाही असे धरले, तर जगातला एकही पंखा, कॉम्प्रेसर किंवा टर्बाइन हवेला ऊर्जा देऊ शकत नाही आणि तिच्याकडून घेऊही शकत नाही. रॉबर्ट डीन या अमेरिकी अभियंत्याने १९५९ साली एका शोधनिबंधात ही गोष्ट ठामपणे मांडली. गणित तसे चार ओळींचे आहे. हवेचा एखादा कण घ्या. त्याची उष्णतेची, दाबाची आणि गतीची मिळून जी एकूण ऊर्जा असते, ती वाढायची असेल तर तो कण ज्या जागेवरून जातो आहे तिथला दाब त्याच क्षणी वाढत असला पाहिजे. दाब जागोजागी वेगवेगळा असून भागत नाही. एकाच जागी तो वेळेबरोबर बदलावा लागतो.

पंख्यात हे काम पाते करते. पात्याच्या एका अंगाला दाब जास्त असतो, दुसऱ्या अंगाला कमी. जमिनीवर उभे राहून आपण एकाच बिंदूकडे पाहिले तर पाते जवळ येताना तिथला दाब चढतो, पाते निघून गेले की उतरतो, पुढचे पाते आले की पुन्हा चढतो. मोटरने खर्च केलेली वीज हवेत शिरते ती याच चढउतारातून. प्रवाहाची अस्थिरता ही फिरत्या यंत्राला लागलेली व्याधी आहे असे समजणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. खरे तर यंत्र काम करते तेच तिच्या जोरावर.

असे असूनही कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि ब्लोअर यांची जी गणिते आजवर संगणकावर झाली, त्यांतली बहुतेक प्रवाह स्थिर मानून झाली आहेत. त्याला सबळ कारण होते. पात्यांची एकच रांग फिरत असेल तर निरीक्षकाने त्या पात्यावरच बसायचे. पात्याबरोबर फिरणाऱ्या माणसाला पाते हलताना दिसत नाही, भोवतालच्या हवेचे चित्रही बदलत नाही. काळ समीकरणातून निघून जातो आणि त्याच्या जागी केंद्रोत्सारी आणि कोरिऑलिस ही दोन बले येतात. ही युक्ती बिनचूक आहे आणि एकट्या रोटरसाठी, म्हणजे फिरत्या रांगेसाठी, आजही तीच वापरावी. अडचण उभी राहते ती शेजारी स्थिर पात्यांची रांग, म्हणजे स्टेटर आला की. रोटरवर बसावे तर स्टेटर फिरताना दिसतो आणि स्टेटरवर बसावे तर रोटर. दोघेही स्तब्ध दिसतील अशी बैठक विश्वात कुठेही नाही. इथून पुढे काळाला टाळता येत नाही. त्याच्याशी तडजोड तेवढी करता येते.

पुढच्या पानांचा विषय असलेले, प्रवाहाचे गणित करणारे सॉफ्टवेअर मला अशा तडजोडींची मालिका वाटते. प्रत्येक पर्यायामागे काळाबद्दलचे एक गृहीतक आहे. संगणक उत्तर देतोच, ते नेहमी रंगीत आणि सुबक असते, आणि त्यासाठी कोणते गृहीतक मान्य केले गेले हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. ते ओळखता येणे हेच या विद्येचे मर्म आहे आणि ते मराठीत, आपल्या भोवतालच्या यंत्रांवरून शिकवता येते, अशी माझी खात्री आहे.

या विषयाची उदाहरणे म्हटली की विमानाची जेट इंजिने पुढे येतात. ती या पुस्तकातही येतील. पण आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात एप्रिल उजाडला की घरोघरी एक यंत्र सुरू होते, ज्यात हा सगळा विषय साठवलेला आहे. सूतगिरणी चौकापासून क्रीडा संकुलाच्या मागच्या गल्ल्यांपर्यंत खिडकी-खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर मला म्हणायचा आहे. त्यात अठरा इंची पंखा असतो, त्यामागे मोटर आणि मोटरला धरून ठेवणारे लोखंडी स्टँड. तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, समोरची बाजू पंख्याची. हवा तीन बाजूंनी आत येते, वळते आणि पंख्यात शिरते. म्हणजे एका फेऱ्यात प्रत्येक पात्याला कुठे भरपूर हवा मिळते, कुठे तुटपुंजी. त्यात आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार ताट्यांवर चढतो, आणि तो सगळीकडे सारखा चढत नाही. मे महिन्याच्या अखेरीस एक ताटी जवळजवळ बंद झालेली असते. पाते त्या बाजूला आले की त्याच्यावरचा भार बदलतो, दुसऱ्या बाजूला गेले की पूर्ववत होतो. त्यातच मोटरच्या स्टँडमागे हवेची मंद, विस्कटलेली पट्टी तयार होते. तिला वेक म्हणतात. प्रत्येक पाते प्रत्येक फेऱ्यात या पट्टीला छेदून जाते. लढाऊ विमान तीव्र वळण घेते तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी हवा असमान होते, आणि त्या असमानतेचा कॉम्प्रेसरवर काय परिणाम होतो यावर संशोधकांची आयुष्ये गेली आहेत. तोच प्रश्न, कमी वेगाचा आणि निरुपद्रवी, आपल्या खिडकीत बसलेला आहे.

या कूलरवर पहिला धडा गिरवता येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मोटर चार पोलची, म्हणून तिची तात्त्विक गती मिनिटाला १,५०० फेरे. प्रत्यक्षात भारामुळे ती थोडी मागे राहते. समजा १,३८० फेरे झाले. म्हणजे सेकंदाला २३. पंख्याला ४ पाती असतील तर कोणत्याही एका बिंदूसमोरून सेकंदाला ९२ पाती जातात. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे ॲप घेऊन कूलरसमोर बसावे. ९२ हर्ट्झच्या आसपास एक शिखर दिसेल, त्याच्या दुपटीला, तिपटीला आणखी शिखरे दिसतील. मात्र शेजारी १०० हर्ट्झवरही एक शिखर असेल. ते हवेचे नाही, मोटरच्या चुंबकीय गुणगुणीचे आहे. विजेच्या दुप्पट वारंवारितेला ते नेहमी येते. दोन्ही वेगळी ओळखायची असतील तर रेग्युलेटरने पंखा हळू करावा. हवेचे शिखर सरकते, चुंबकाचे जागचे हलत नाही. सिम्युलेशनमधून आलेल्या आलेखाकडे कसे पाहायचे, कोणते शिखर कोणाचे हे कसे विचारायचे, याची सवय इथे लागते. पुढे कितीही मोठे यंत्र आले तरी विचारण्याची रीत हीच.

आता त्या हवेचे गणित. पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ३३ मीटर वेगाने जाते, ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे हवा दाबली जात नाही असे खुशाल धरता येते. संगणक काळाचे छोटे तुकडे पाडून एकेका तुकड्याने पुढे जातो. अशा एका तुकड्यात, म्हणजे टाइम स्टेपमध्ये, पंखा एक अंश फिरेल असे ठरवले तर एका फेऱ्याला ३६० स्टेप लागतात आणि एक स्टेप सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागाएवढी होते. तेवढ्यात पात्याचे टोक ४ मिलिमीटर पुढे जाते. गणितासाठी हवेची जागा ज्या जाळीने विभागतात तिला मेश आणि तिच्या घरांना सेल म्हणतात. टोकाजवळचे सेल २ मिलिमीटरचे असतील तर पात्याने एका दमात दोन सेल ओलांडले. हे चालेल का? कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ साली, संगणक जन्मायच्या आधी, याचे उत्तर देऊन ठेवले होते: माहिती एका स्टेपमध्ये जितकी दूर जाते तितक्या अंतरापर्यंत गणिताची पकड असली पाहिजे. सरळ पुढे पावले टाकणाऱ्या पद्धतींना ही अट मोडता येत नाही, त्या कोसळतात. आजचे बहुतेक सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारे प्रोग्राम, पुढच्या क्षणाची अज्ञात मूल्ये एकत्र सोडवतात, त्यामुळे ते कोसळत नाहीत. पण कोसळत नाही म्हणून उत्तर बरोबर असे होत नाही. मोठ्या स्टेपमुळे वेकची धार बोथट होते आणि पात्यावरचा हिसका कमी दिसतो. म्हणून स्टेप निम्मी करून पुन्हा गणित करावे, उत्तर हलले का ते पाहावे. याला पर्याय नाही.

कूलरवरून मोठ्या यंत्राकडे गेले की खर्चाचा आकडा अंगावर येतो. नासाने अभ्यासासाठी बनवलेला ‘स्टेज ६७’ नावाचा पंखा या क्षेत्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. रोटरला २२ पाती, मागच्या स्टेटरला ३४, मिनिटाला १६,०४३ फेरे, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४२९ मीटर. स्टेटरच्या प्रत्येक पात्यासमोरून सेकंदाला साधारण ५,८८२ रोटर-पाती जातात. एका पात्याच्या जाण्याचे ५० भाग पाडले तर एक स्टेप सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते, साधारण ३.४ इतकी. एका फेऱ्याला १,१०० स्टेप. सुरुवातीचे काही फेरे प्रवाह स्थिरस्थावर होण्यातच जातात, म्हणून किमान दहा फेरे धरू: ११,००० स्टेप, आणि प्रत्येक स्टेपमध्ये समीकरणे जुळेपर्यंत २० आवर्तने. २२ आणि ३४ यांचा सामाईक भाजक २, म्हणून निम्मे चाक घेऊन भागवता येते: ११ आणि १७, मिळून २८ पात्यांमधल्या वाटा. प्रत्येक वाटेला दहा लाख सेल ही आजच्या मानाने बेताची संख्या. गुणाकार केला तर एकेका सेलचे गणित सहा लाख कोटींहून अधिक वेळा करावे लागते. प्रवाह स्थिर मानून, दोन वाटांवर, पाच हजार आवर्तनांत हेच काम हजार कोटींत उरकते. सहाशे पटींचा हा फरक आहे. हा विषय इतकी वर्षे मोठ्या संस्थांच्या हाती का राहिला आणि तडजोडी का शोधाव्या लागल्या, याचे उत्तर या फरकात आहे.

पहिली तडजोड सर्वांत ढोबळ आहे. रोटर एका स्थितीत गोठवायचा आणि ते एकच छायाचित्र स्थिर प्रवाह म्हणून सोडवायचे. वेक रोटरमधून निघून स्टेटरवर एकाच जागी आदळत राहते, प्रत्यक्षात ती सतत जागा बदलत असते. दुसरी तडजोड अधिक विचारपूर्वक आहे. रोटर आणि स्टेटर यांच्यामधल्या पृष्ठभागावर हवेची परिघाभोवतीची सरासरी काढायची आणि ती सरासरी पुढच्या रांगेला द्यायची. याला मिक्सिंग प्लेन म्हणतात. ती रूढ करण्यात केंब्रिजच्या जॉन डेंटन यांचा वाटा मोठा आहे, आणि यंत्रांच्या रोजच्या रचनेत आजही तीच राबते. तिची किंमत अशी की त्या पृष्ठभागावर सगळ्या वेक एका क्षणात मिसळून जातात. प्रत्यक्षात त्या पुढच्या पात्यांमध्ये शिरून ताणल्या जातात, तुटतात आणि हळूहळू विरतात. यंत्राची कार्यक्षमता काढायची असेल तर बहुतेक वेळा ही तडजोड चालते. पाते किती थरथरेल हे विचारायचे असेल तर तिच्याकडे उत्तरच नाही, कारण थरथरवणारी गोष्ट तिने आधीच पुसून टाकली आहे.

पूर्ण मार्ग म्हणजे सरकता मेश. रोटरचा मेश स्टेटरच्या मेशला घासून खरोखर फिरतो आणि दर स्टेपला दोघांमधली देवाणघेवाण नव्याने मांडली जाते. सरकणाऱ्या सीमेवर एका बाजूचा सेल समोरच्या दोन-तीन सेलना तिरका भिडतो. कोणाला किती हवा गेली याचा हिशेब पृष्ठभागाच्या वाट्याप्रमाणे काटेकोर लागला नाही तर दर स्टेपला थोडी हवा हरवते किंवा नव्याने निर्माण होते. अकरा हजार स्टेपनंतर ती थोडी राहत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी या एका सीमेवर किती कष्ट घेतले आहेत ते वापरणाऱ्याला दिसत नाही. मोफत उपलब्ध असलेल्या ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये अशी सीमा आणण्याचे महत्त्वाचे काम २००८च्या सुमारास कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेक या वीज कंपनीत मार्टिन बोडुआँ यांनी ह्रवोये यासाक यांच्यासह केले. पाण्याच्या टर्बाइनसाठी केलेले ते काम हवेच्या यंत्रांनाही तितकेच उपयोगी पडले.

रोटर-स्टेटरचा त्रिमित, चिकट प्रवाह काळासह सोडवणाऱ्या पहिल्या मोठ्या गणितांमध्ये नासाच्या एम्स केंद्रातल्या मनमोहन राय यांचे १९८७चे काम अग्रभागी येते. ज्या प्रयोगाशी ते तुलना करत होते त्यात स्टेटरला २२ आणि रोटरला २८ पाती होती. तेवढी सगळी घेण्याची संगणकाची ताकद नव्हती. म्हणून पात्यांचा आकार बदलून एकास एक असे प्रमाण केले. नंतर तीनास चार. पात्यांची संख्या बदलणे ही तडजोड आजही सर्रास होते. तिच्यामुळे वेळेचे प्रमाण बिघडते, म्हणजे ज्या वारंवारितेला पाते थरथरते ती वारंवारिताच बदलते. कंपनाचा प्रश्न असेल तर हे गणित वापरू नये असे मी स्वच्छ सांगेन.

याहून सुंदर वाटा दोन आहेत आणि माझे मन त्यांच्यात जास्त रमते. पहिली वाट १९७७ साली अर्डॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवली. शेजारच्या दोन वाटांमध्ये घडणारी गोष्ट एकच असते, फक्त थोड्या वेळाने घडते. मग एकाच वाटेचे गणित करा, सीमेवरची मूल्ये साठवून ठेवा आणि ठरावीक विलंबाने शेजारणीला द्या. दुसरी वाट फ्यूरिएची. पात्यांमुळे होणारा बदल नियतकालिक आहे ना? मग वेळेतून पाऊल-पाऊल चालण्याऐवजी सरासरी आणि तिच्यावरच्या तीन-चार लहरी एवढेच अज्ञात धरून थेट नियतकालिक उत्तरच शोधा. ड्यूक विद्यापीठातल्या केनेथ हॉल यांनी २००२ साली ही हार्मोनिक बॅलन्स पद्धत फिरत्या पात्यांच्या यंत्रांसाठी मांडली. सहाशे पटींचा खर्च पाच-दहा पटींवर येऊ शकतो. अट एकच: प्रवाहात जे काही बदलते ते पात्यांच्या तालावरच बदलले पाहिजे. कॉम्प्रेसर अडखळू लागला, हवा पात्यांपासून सुटू लागली, म्हणजे जिला स्टॉल म्हणतात ती अवस्था आली, की प्रवाह स्वतःचा वेगळा ताल धरतो. तो ताल आधी माहीत नसतो आणि ही पद्धत त्याला पाहूच शकत नाही. तिथे पूर्ण चाक, सरकता मेश आणि धीर एवढेच कामाला येतात.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात वाहन उद्योग रुजलेला असल्याने टर्बोचार्जर हे उदाहरण आपल्या मुलांना जवळचे आहे. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर धुराचे सेकंदाला ८० ठोके टर्बाइनवर पडतात. टर्बोचार्जरचे चाक त्याच वेळी मिनिटाला सव्वा लाखाच्या घरात फिरू शकते. १,२०,००० फेरे धरले तर दोन ठोक्यांमधल्या अवकाशात चाक २५ वेळा फिरून होते. इथे काळाची दोन मापे एकत्र नांदतात, पात्यांचे वेगळे आणि इंजिनाचे वेगळे. स्थिर प्रवाहावर काढलेला कार्यक्षमतेचा आलेख अशा टर्बाइनला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

पात्यांच्या धातूला येणाऱ्या थकव्याचाही विचार करायला हवा. स्टेज ६७च्या स्टेटर-पात्याला तासाला दोन कोटी अकरा लाखांहून अधिक हिसके बसतात. एकेक हिसका क्षुल्लक असतो. पण त्याची वारंवारिता पात्याच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली तर काही मिनिटांतही पात्याला चीर पडू शकते. जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२४ साली वाफेच्या टर्बाइनच्या चाकांवर काम करताना गती आणि वारंवारिता यांचा जो आलेख काढला तो आज प्रत्येक रचनाकाराच्या टेबलावर असतो. गती आणि नैसर्गिक वारंवारिता यांच्या रेषा कुठे छेदतात ते हा आलेख सांगतो. त्या छेदावर हिसका किती जोराचा, हे मात्र अस्थिर प्रवाहाचे गणितच सांगू शकते.

आता या सॉफ्टवेअरच्या गाभ्याकडे येतो. तो गाभा घडवणाऱ्यांत एक मराठी माणूस आहे आणि त्याचे नाव आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुहास पाटणकर १९६२ साली पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, १९६४ साली आयआयटी मुंबईतून एम.टेक. आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट. तिथे त्यांचे गुरू होते ब्रायन स्पाल्डिंग. या दोघांनी १९७२ साली जी पद्धत प्रसिद्ध केली तिला तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सिंपल’ म्हणतात.

अडचण अशी होती. कमी वेगाच्या प्रवाहात वेगाच्या तीन घटकांसाठी तीन समीकरणे मिळतात. चौथे समीकरण सांगते की कोणत्याही सेलमध्ये जितकी हवा आली तितकी बाहेर गेली पाहिजे. दाबाला स्वतःचे समीकरणच उरत नाही, आणि दाब माहीत असल्याशिवाय वेग काढता येत नाही. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी अंदाजापासून सुरुवात केली. दाब अंदाजाने धरा आणि त्यावरून वेग काढा. ते वेग हवेचा हिशेब जुळवणार नाहीत. ज्या सेलमध्ये हवा तुंबते आहे तिथला दाब वाढवा, जिथे तूट पडते आहे तिथला कमी करा, त्या दुरुस्तीप्रमाणे वेगही सुधारा, आणि हिशेब जुळेपर्यंत पुन्हा तेच करा. म्हणजे हिशेबातली चूक हीच दाबाची वाटाडी झाली. समीकरण नसलेल्या राशीला अशा रीतीने समीकरण मिळाले. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० साली त्यांचे संख्यात्मक उष्णता-स्थानांतरण आणि द्रायुप्रवाह या विषयावरचे छोटेखानी पुस्तक निघाले. पानापानाला भौतिक अर्थ सांगत जाणारे असे दुसरे पुस्तक या विषयात माझ्या पाहण्यात नाही. शक्य असेल त्या विद्यार्थ्याने आमच्या पानांआधी ते वाचावे.

‘सिंपल’ स्थिर प्रवाहासाठी उत्तम. काळासोबत चालायचे तर प्रत्येक स्टेपला इतकी आवर्तने परवडत नाहीत. १९८६ साली इंपीरियलमधल्याच राद इसा यांनी ‘पिझो’ ही पद्धत मांडली, जी एका स्टेपमध्ये दाबाच्या दोन-तीन नेमक्या दुरुस्त्या करून पुढे जाते. ओपनफोमचा उगमही त्याच कॉलेजातला. हेन्री वेलर यांनी सुरू केलेला तो कोड डिसेंबर २००४मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात सरकत्या मेशच्या अस्थिर प्रवाहासाठी जो सॉल्व्हर वापरतात त्याचे नाव ‘पिंपलफोम’. पिझो आणि सिंपल यांची सांगड घालून ते नाव बनले आहे. गारखेड्यातली एखादी विद्यार्थिनी स्वतःच्या लॅपटॉपवर कूलरचा पंखा फिरवते तेव्हा पुण्यात आणि मुंबईत शिकलेल्या माणसाची युक्ती प्रत्येक स्टेपला कित्येकदा कामाला लागलेली असते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास चालणाऱ्या यंत्रांसाठी वेगळे घराणे आहे, घनतेला मुख्य अज्ञात मानणारे. अँटनी जेमसन यांच्या १९८१नंतरच्या कामावर ते पोसले गेले. त्याचा विचार स्वतंत्र प्रकरणात आहे.

महाराष्ट्रात या विषयाला पाठबळ नाही असे कोणी म्हणू नये. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. फ्लुएंट आणि सीएफएक्स ही दोन नामांकित सॉफ्टवेअरे आज ज्या अँसिस कंपनीकडे आहेत तिचे मोठे केंद्र पुण्यात आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ओपनफोमचे प्रशिक्षण देतो आणि विद्यार्थ्यांनी सोडवलेली उदाहरणे सर्वांसाठी खुली ठेवतो. जॉन डेंटन यांनीही आयुष्यभर घडवलेला मल्टॉल हा कोड २०१७ साली खुला केला. साधनांची वाण राहिलेली नाही. उणीव आहे ती निवाड्याची, आणि निवाडा शिकवायला अजूनही माणूस लागतो, माणसाची भाषा लागते.

निवाड्याबद्दल एक प्रसंग सांगायलाच हवा. १९९४ साली अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या गॅस टर्बाइन विभागाने जगभरच्या सॉफ्टवेअरकर्त्यांची परीक्षा घेतली. नासाचा ‘रोटर ३७’, ३६ पाती, मिनिटाला १७,१८८ फेरे. आकार सर्वांना दिला, मोजमाप मात्र आधी दाखवले नाही. रोटर एकटाच होता, म्हणजे काळाची भानगडही नव्हती. तरीही उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, प्रयोगाशीही सगळीकडे जुळली नाहीत. दाबाच्या गुणोत्तरात आणि कार्यक्षमतेत लक्षणीय फरक पडले. कारण मुख्यतः टर्ब्युलन्सच्या, म्हणजे बारीक विस्कळीत भोवऱ्यांच्या, मॉडेलमध्ये, मेशमध्ये आणि सीमेवरच्या गृहीतकांमध्ये होते. काळ मिळवला की याच अनिश्चितता कायम राहून नव्या जोडल्या जातात. आजच्या अस्थिर गणितांपैकी बहुतेकांत पात्यांच्या तालावरचा बदल सोडवला जातो आणि त्याहून बारीक, विस्कळीत भोवरे एखाद्या मॉडेलवर सोपवले जातात, बहुधा फ्लोरियन मेंटर यांच्या १९९४च्या मॉडेलवर. मोठ्या तालाच्या आणि बारीक भोवऱ्यांच्या वेगात स्पष्ट अंतर आहे हे त्यामागचे गृहीतक. स्टॉलच्या जवळ ते अंतर मिटते. त्या वेळी मोठे भोवरे थेट सोडवावे लागतात आणि खर्च पुन्हा कित्येक पट वाढतो.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाबरोबर चार तपासण्या आग्रहाने केल्या आहेत: आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या हवेचा हिशेब, मेश बारीक केल्यावरचा फरक, स्टेप निम्मी केल्यावरचा फरक, आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधल्या दाबाच्या वक्ररेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात का. शेवटची तपासणी सर्वांत जास्त वगळली जाते. प्रवाह अजून स्थिरावत असताना काढलेली सरासरी कितीही सुंदर दिसली तरी ती फेकून द्यावी लागते.

एका गोष्टीची मात्र आपल्याकडे खरोखर चणचण आहे. ती म्हणजे खुली मोजमापे. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या दोन विद्यापीठांनी टोके वीजकेंद्रातल्या फ्रान्सिस प्रकारच्या पाण्याच्या टर्बाइनच्या प्रतिकृतीचा आकार आणि दाबाच्या नोंदी ‘फ्रान्सिस-९९’ या नावाने २०१४पासून सर्वांना दिल्या. जगभरचे विद्यार्थी त्यावर आपली गणिते घासून पाहतात. अशी यंत्रे आपल्याकडेही आहेत. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे चार फ्रान्सिस संच आहेत. जायकवाडीला पैठणला १२ मेगावॅटचा उलटसुलट दोन्ही बाजूंनी चालणारा संच आहे, आणि आमच्या शहराचे पिण्याचे पाणी जायकवाडीच्याच जलाशयातून, म्हणजे नाथसागरातून, पंपांनी चढून येते. या यंत्रांची प्रतिकृती करून मोजमाप खुले करणे मोठ्या संस्थांचे काम आहे, ते त्यांनी करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कूलरच्या पंख्याचे काम मात्र जिल्ह्यातले कोणतेही महाविद्यालय करू शकते. पात्याचा आकार स्कॅन करून, फेरे टॅकोमीटरने, पंख्यासमोरच्या हवेचा वेग चौकटीत आखलेल्या बिंदूंवर ॲनिमोमीटरने, आवाज ठरावीक अंतरावरून, ताट्या कोरड्या, ओल्या आणि क्षाराने भरलेल्या अशा तिन्ही अवस्थांत मोजावे. मोटर स्टँडचे मोजमाप आणि पाते आणि त्याभोवतीचे कडे यांतली फट न विसरता नोंदवावी, कारण गणित सर्वांत आधी तिथेच चुकते. नोंदींचा नमुना-तक्ता कूलरच्या प्रकरणाच्या शेवटी जोडला आहे. नोंदींच्या पहिल्या संचाला एक उन्हाळा पुरेल.

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर